माळवद उतरवायच्या आधी ट्रॉली ठरवा

उन्हाळा लागला की आमच्याकडे गटांच्या कर्जाच्या अर्जांत एक कारण हमखास येतं. माळवद काढून पत्रे टाकायचेत, नाहीतर घरकुल मंजूर झालंय आणि जुनं घर उतरवायचंय. अर्जात पत्र्यांचा आकडा असतो, अँगलचा असतो, मिस्त्रीचा असतो. वरून जे खाली येणार, ते कशात भरून कुठे न्यायचं याचा आकडा मात्र नसतो. घरकुलाचे पैसेसुद्धा बांधकामाच्या टप्प्याटप्प्यानं मिळतात, त्यात जुन्या घराच्या मातीचा वेगळा हिशेब नसतो. म्हणून आज ट्रॉलीबद्दल बोलू.

फुलंब्रीकडच्या आमच्या एका ताईंनी गटाचं कर्ज घेऊन माळवद उतरवलं. ट्रॅक्टरवाल्याशी बोलणं एवढंच झालं, "माती नेऊन टाक." त्यानं अर्ध्या-अर्ध्या ट्रॉल्या भरल्या, फेऱ्या वाढवल्या आणि माती गावाबाहेरच्या नाल्यात ओतली. ग्रामपंचायतीनं ती उचलायला सांगितली ताईंना, ट्रॅक्टरवाल्याला नाही. दोनदा भाडं गेलं ते पत्र्यांच्या पैशातून. मृगाचा पाऊस आला तेव्हा अर्धं घर ताडपत्रीखाली होतं आणि हप्ता तर सुरू झालेलाच होता.

तर आधी माप. वीस फूट लांब, दहा फूट रुंद खोली धरा, वर एक फूट पांढरी माती. झाली 200 घनफूट, म्हणजे 2 ब्रास. खणलेली माती फुगते, ती अडीच ब्रासपर्यंत जाते. आता ट्रॉली आतून मोजा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दीड फूट उंच असेल तर त्यात 90 घनफूट बसतं. म्हणजे भरून नेल्या तर तीन फेऱ्या. टेप घेऊन बाई ट्रॉली मोजायला लागली की ट्रॅक्टरवाले हसतात. हसू द्या. परदेशात अशा कामाला दारात मोठा लोखंडी डबा भाड्यानं आणून ठेवतात, तिथंही डब्याचं माप, किती दिवस आणि किती वजन हे आधी ठरतं, वजन वर गेलं तर जादा पैसे. आपल्याकडे डब्याच्या जागी ट्रॉली, बाकी व्यवहार तोच.

भाडं फेरीवर आहे की दिवसावर, डिझेल कुणाचं, भरायला माणसं कुणाची, ट्रॉली हायड्रॉलिकची आहे का, हे विचारा. हायड्रॉलिक नसेल तर खाली करायलाही फावडं आणि माणसं लागतात.

आणि एक मजुरी कुणीच धरत नाही. गल्ली अरुंद असली की ट्रॉली दारात येत नाही, चावडीपाशी उभी राहते. तिथपर्यंत माती कोण नेतं? घरातल्या बाया, डोक्यावर. एका घमेल्यात अर्धा घनफूट धरला तरी अडीच ब्रासची 500 घमेली होतात. सासू, सून, शाळेतली मुलगी दोन-तीन दिवस तेच करतात आणि वर म्हणायचं, "भरायला काही खर्च आला नाही." आम्ही आता अर्जात हे काम मजुरीच्या दरानं लिहायला लावतो. आकडा बघितला की घरातले पुरुषही घमेलं उचलतात, असा आमचा अनुभव आहे.

उतरवताना घाई नको. त्या खोलीवरच्या मातीचं वजनच आठ टनांच्या आसपास असतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि अशीच जड माळवदं अंगावर येऊन हजारो माणसं गेली. माती वरून थोडी थोडी काढा, माळवदावर एका जागी ढीग करू नका, खाली कुणाला उभं राहू देऊ नका. माती पूर्ण निघाल्यावरच लाकडाला हात लावा. पायात बूट हवेत, जुन्या माळवदात विंचू असतातच.

लाकडाचंही सांगून ठेवतो. "फुकट उतरवून देतो, लाकूड माझं" असं कुणी म्हटलं तर लगेच हो म्हणू नका. दहा फुटांची, सहा इंच बाय सहा इंचांची सागाची तुळई म्हणजे अडीच घनफूट लाकूड. सगळं मोजा, दोन वखारींत भाव विचारा, मग ठरवा फुकट कोणाला पडतंय ते.

मातीही सगळी टाकायची नसते. कुजका पाला, काड्या, वाळवी लागलेले तुकडे वेगळे काढले तर चांगली माती नव्या जोत्याच्या भरावाला चालते. तेवढी अंगणात राखली की एखादी फेरी वाचते. उरलेली कुठे टाकायची ती जागा ग्रामपंचायतीला आधी विचारा, जमल्यास लेखी घ्या. पाडकामाच्या मलब्यासाठी केंद्र सरकारनं 2016 साली नियम केले. त्यांत मलबा रस्त्यात, नालीत अडथळा होईल असा टाकायचा नाही, ही जबाबदारी ज्याचं काम त्याच्यावरच टाकली. आपल्या शहराचा कचरा कित्येक वर्षं नारेगावला पडत होता. 2018 च्या फेब्रुवारीत तिथल्या आणि मांडकीच्या लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात कचऱ्याचे ढीग लागले. आपली ट्रॉलीही कुणाच्या तरी बांधाजवळच रिकामी होते.

जुने सिमेंटचे पत्रे निघणार असतील तर ते फोडू नका, कापू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत गेली की पुढे कित्येक वर्षांनी फुप्फुसाचा आजार, कॅन्सरसुद्धा होतो. पाणी मारून, नाकाला फडकं नव्हे तर चांगला मास्क लावून, अख्खे उतरवा. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधा. चिखलात पायवाटेला टाकायला तर ते बिलकूल वापरू नका, पोरं तिथंच खेळतात.

पुढच्या बैठकीला ज्यांचा छपराचा अर्ज आहे त्यांनी खोलीची लांबी-रुंदी, मातीची जाडी आणि दोन ट्रॅक्टरवाल्यांचे दर लिहून आणावेत. टेप गटाच्या पेटीत ठेवलेला आहे, सचिवताईंकडून घेऊन जा.