फीच्या शेजारी पगारही छापा

राज्यभरातून आलेल्या फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी क्षेत्रातील बंधुभगिनींनो,

फलटणमध्ये आपले मनःपूर्वक स्वागत. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईंचे हे माहेर. ज्ञानोबा माउलींची पालखी दरवर्षी इथे मुक्कामाला असते, आणि दमल्या वारकऱ्यांचे पाय चेपणे आम्हाला परके नाही. तुमच्या व्यवसायाशी आमचे नाते याहून जवळचे आहे. जन्माने अमेरिकन आणि लग्नानंतर निंबकर झालेल्या कमलाताईंनी 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातले पहिले ऑक्युपेशनल थेरपी विद्यालय सुरू केले. त्यांच्या नावाची शाळा, कमला निंबकर बालभवन, याच गावात आहे.

मी वैद्यकातला नव्हे, सहकारी बँकेतला. शैक्षणिक कर्जाची प्रकरणे मंजुरीसाठी माझ्यासमोर येतात. पाहुण्यांपुढे हिशेब मांडणे शोभत नाही. तरी एक मांडतो.

पदवीनंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. समजा, साडेसात लाखांचे कर्ज, व्याज 10 टक्के, मुदत 7 वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे 12,450 रुपये. फेड जवळजवळ साडेदहा लाखांची, आणि शिकत असतानाचे व्याज वेगळे. फी ठरते महाविद्यालयाच्या खर्चावर. कमाई मात्र रुग्णाच्या ऐपतीवर. अर्धांगवायू झालेल्या माणसाला महिनोन्‌महिने व्यायाम लागतो. रुग्णालयातून घरी आल्यावर हा खर्च बहुधा घरच्यांच्याच खिशातून होतो. थेरपिस्टच्या नावापुढे आणखी एक पदवी लागली म्हणून तो खिसा मोठा होत नाही.

अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपिस्टचे मध्यक वार्षिक वेतन 2024 मध्ये 98,340 डॉलर होते. तरीही तिथे कर्जाची चिंता आहेच. पण तिथल्या शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’वर संस्थानिहाय आणि अभ्यासक्रमनिहाय विद्यार्थ्यांचे कर्ज किती आणि पुढची कमाई किती, हे शेजारी शेजारी पाहायला मिळते. सही करण्याआधी मुलाला दोन्ही आकडे दिसतात. आपल्याकडच्या माहितीपुस्तिकेत वसतिगृहाचे रंगीत फोटो असतात. मागच्या तुकडीचा पहिला पगार शोधूनही सापडत नाही.

म्हणून यजमानाची एक विनंती. खुल्या अधिवेशनात ठराव करा, की प्रत्येक महाविद्यालयाने पदव्युत्तर अभ्यासक्रमाची एकूण फी, विद्यावेतन आणि मागील तुकडीचा मध्यक पगार एकाच पानावर छापावा. असे पान निघाले, तर आमच्या बँकेत कर्जाच्या अर्जासोबत ते जोडून घ्यावे, असा प्रस्ताव मी संचालक मंडळापुढे ठेवीन. हुशार मुलांनी या क्षेत्रात यायलाच हवे. त्यांनी हिशेब पाहून यावे, एवढेच.