कच्ची काच आणि घडवणारे हात



अड्याळकरांनो, जवळच्या पवनीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! जगन्नाथ टेकडी, १९६९-७०चं उत्खनन, पुरातत्त्वज्ञ देव आणि जोशींनी उजेडात आणलेले स्तूप, हे तुमच्या घरचं. ते सोडून देतो. पत्रिकेवर विषय ‘प्राचीन रोमन काचमणी’ असा छापलाय, आणि माझी तिथेच हरकत आहे.

जुन्या पांढरीत रंगीत मणी निघाला की लोक म्हणतात, रोमहून आला. इतकं सुबक काम आपल्याकडे झालंच नसेल, असं आपण धरूनच चालतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली ‘पेरिप्लस’ बघा. भडोचला उतरणाऱ्या मालात तो कच्ची काच नोंदवतो. कच्चा माल कोण मागवतं? ज्याची भट्टी पेटलेली असते तो! शिवाय काच आपल्याकडेही होत होती. रोमन काचेत इजिप्तच्या तळ्यांमधला खार. आपल्या बऱ्याच काचेत ॲल्युमिना जास्त. प्रयोगशाळेत दोन्ही वेगळ्या ओळखू येतात. डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी १९६९ साली भारतीय काचेचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला, तरी आपण ‘रोमन, रोमन’च करतो.

मणी म्हणजे दागिनाच, त्यावरून आठवलं. इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. तिथे १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर. गळ्यात हार, हात बांगड्यांनी भरलेले, पायांत जाड वाळे. दोन बाजूंना दोन दासी. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्यात. म्हणजे रोमन घरात आपल्या कारागिरांचं काम हौसेने ठेवलेलं होतं. जालन्याकडच्या भोकरदनहून पॉम्पेई किती लांब, विचार करा! बैलगाडी, घाट, बंदर, मग जहाज...

(श्रोत्यांतून : “मंग तिकडून काहीच नाई आलं का जी?” हशा.)

आलं की! सोनं आलं. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार आहे. काही मणीही आले असतील, दोन काचांच्या मध्ये सोन्याचा वर्ख घातलेले. मी रोमचा द्वेष करत नाही. पुराव्याशिवाय आपल्या माणसाचं श्रेय दुसऱ्याला देऊ नका, एवढंच मागतोय.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग मणी ओळखायचा कसा ते सांगतो. आपल्याकडचे कारागीर वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढत, पाकाची तार निघावी तशी लांब. मग तिचे तुकडे पाडून ते पुन्हा तापवून कडा गोल करत. अशा मण्यात हवेचे बुडबुडे भोकाला समांतर लांबट होतात. सळईवर काच गुंडाळून केलेल्या मण्यात ते भोकाभोवती फिरतात. हे भिंग आणि बाजारातून आणलेले दोन्ही जातींचे नवे मणी इथे टेबलावर ठेवतोय. आभार होईपर्यंत शाळेतल्या मुलांनी आधी पुढे यावं. मणी दिव्यासमोर धरा आणि बुडबुडे कुठल्या दिशेला आहेत ते मला सांगा.