आधी पंचनामा दाखवा

वादळात निसवलेली केळी आडवी झाली की काय होतं, हे केळी पिकवणाऱ्या फोपनार गावच्या माणसाला मी काय सांगू! पण त्यानंतरचं बोलणं ऐका. सोसायटीचं कर्ज असलेला मान खाली घालून म्हणतो, यंदा साधलं नाही. गाठीला पैसा असलेला बांधावरून म्हणतो, अहो, प्रयोगच होता, कोणतं खोड टिकतं ते कळलं!

आपली इस्रो पहिल्यासारखी बोलते, मस्क यांची स्पेसएक्स दुसऱ्यासारखी. 20 एप्रिल 2023ला त्यांचं स्टारशिप रॉकेट चार मिनिटांत फुटलं, तर कंपनीतली माणसं टाळ्या वाजवत होती. 18 मे 2025ला आपल्या पीएसएलव्ही-सी61 रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यातला दाब घसरला, ईओएस-09 उपग्रह गेला. इस्रो म्हणाली, मोहीम पूर्ण होऊ शकली नाही.

कुणी कसंही बोला. पटवाऱ्याचा पंचनामा, म्हणजे काय बिघडलं याचा उघड हिशेब, कुठं आहे? टाळ्या वाजवणाऱ्यांनाही तो चुकला नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं 63 दुरुस्त्या पुढं ठेवल्या, सुरक्षेच्या दुरुस्त्या होईपर्यंत पुढचं उड्डाण अडवलं.

आपल्याकडं ही रीत नव्हती असं नाही. 1979मध्ये एसएलव्ही-3 समुद्रात पडलं, तेव्हा इस्रोचे प्रमुख सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले. ही गोष्ट आपण शाळेत मोठेपणाची म्हणून सांगतो. मला तिच्यातला हिशेब आवडतो. 2006ला जीएसएलव्ही पडलं, एका द्रव इंजिनाच्या रेग्युलेटरमधला दोष लोकांना सांगितला. 2021ला पडलं, हायड्रोजन टाकीच्या व्हॉल्व्हची गळती सांगितली. मग सी61चं काय झालं? समिती बसली, अहवाल लोकांपुढं आला नाही. 12 जानेवारी 2026ला सी62 उडालं आणि पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात बिघडलं. सोळा उपग्रह गेले, त्यात खाजगी होते, परदेशी होते. कंद का सडला हे न सांगता त्याच वाफ्यात पुन्हा लागवड केली, तर शेजारी विचारणारच ना?

रॉकेट पडलं म्हणून माझी तक्रार नाही. इस्रोचं कर्ज सोसायटीचं आहे, म्हणजे पैसा तुमचा-माझा, म्हणून पंचनामा मागतोय.

इस्रोतल्या मंडळींनो, सी61 आणि सी62, दोन्हींचे अहवाल लोकांपुढं ठेवा.