नकाशावरील रेषा आणि माणसाचे स्वातंत्र्य



वर्सोव्याच्या धक्क्यावरून खाडी ओलांडली की मढ लागते. रस्त्याने यायचे तर मालाड आणि मार्वेचा मोठा वळसा घ्यावा लागतो. किल्ला, भाटी, एरंगळ, आक्से, कोळ्यांची दाट वस्ती आणि तिच्या आसपास उठलेले धनिकांचे बंगले असे हे मुंबईचे एक टोक आहे. नगरनियोजनाच्या निर्बंधांमुळे व्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच होतो काय, या प्रश्नाची चर्चा ग्रंथालयात बसून करण्यापेक्षा या टोकावर उभे राहून केलेली बरी. येथे एकाच निर्बंधाविरुद्ध दोन तक्रारी ऐकू येतात आणि दोन्ही स्वातंत्र्याच्याच नावाने केल्या जातात. बंगलेवाल्याला आपल्या मालकीच्या भूखंडावर हवे ते बांधण्याची मुभा हवी असते. कोळ्याला वाढत्या कुटुंबासाठी आपल्याच घरावर एक खोली चढवायची असते. शब्द एक असला तरी मागणी एक नाही, आणि न्यायालयांत जो युक्तिवाद गेली पन्नास वर्षे चालला आहे त्यात हा भेद बहुधा हरवतो.

या वादाची सुरुवात मालमत्तेपासून झाली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईसारख्या शहरात मोकळ्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर ठरविली. भीमसिंहजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बव्हंशी उचलून धरला. परंतु मर्यादेच्या आतील जमीन वा घर विकण्यासाठीही सरकारची परवानगी मागणारे २७ (१) हे उपकलम मात्र ज्यांना मर्यादेचा भंगच करावयाचा नव्हता त्यांच्यापुरते रद्द केले. हा निर्णय योग्यच होता. ज्याच्याकडे एकच लहानसे घर आहे त्याने ते विकण्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे यात कसला समाजवाद? कायद्याचा खरा पराभव न्यायालयात झाला नाही. तो विसाव्या कलमाखाली दिल्या गेलेल्या सवलतींच्या फायलींत झाला. केंद्राने १९९९ मध्ये कायदा रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये तोच मार्ग पत्करला.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला. तरीही जमीनमालकाच्या हाती एक धारदार शस्त्र राहिले. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या १२७ व्या कलमानुसार, उद्यान, शाळा वा दवाखाना यांसाठी आरक्षित केलेली खाजगी जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही हालचाल न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. नुसता पत्रव्यवहार म्हणजे संपादनाची कारवाई नव्हे, हे गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. येथेही मालकाला दोष देण्याचे कारण नाही. दहा वर्षे त्याला मोबदला नाही, बांधण्याची परवानगी नाही. ही सरळ सरळ कोंडी आहे. पण त्या जागेवर ज्यांची मुले खेळणार होती ते या दाव्यात कोठे असतात? महापालिका वेळेत पैसे उभे करीत नाही, मालक जिंकतो आणि खेळाच्या मैदानाचा हक्क सांगणारा कोणीच पक्षकार नसल्यामुळे तो हक्क मुकाट्याने बुडतो.

याच्या उलट टोकाला पदपथवासीयांचा खटला आहे. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवरील माणसांना हुसकून त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. तिच्याविरुद्ध ज्या याचिका गेल्या त्यांवर १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकालपत्र वाचले. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि निवारा हिरावला की उपजीविकाही हिरावली जाते, हे तत्त्व त्या निकालाने भारतीय कायद्यात कायमचे रोवले. तत्त्व एवढे मोठे, पण फळ? महापालिका अधिनियमाचे नोटिशीविना अतिक्रमण हटविण्याचा अधिकार देणारे ३१४ वे कलम वैधच ठरले. फक्त एवढे झाले की तो अधिकार सरसकट वापरू नये, सामान्यतः म्हणणे ऐकून घ्यावे असा त्याचा अर्थ लावला गेला. १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रे असणाऱ्यांना पर्यायी जागा द्यावी असे सांगितले गेले, आणि पावसाळा संपल्यानंतर एक महिन्यापर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, मुदत मिळाली. माणसाचे स्वातंत्र्य एका ओळखपत्रावर आणि एका ऋतूवर येऊन ठेपले. तरीही या निकालाला क्षुल्लक लेखणे चूक ठरेल. त्यानंतर झोपडी पाडताना प्रशासनाला निदान कारण द्यावे लागू लागले.

आता पुन्हा मढकडे वळू. किनाऱ्यावरील बांधकामाला आळा घालणारी किनारा नियमन अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिने नियंत्रणाखाली आणला; खाड्यांच्या काठी ही मर्यादा किमान १०० मीटर, अथवा खाडीच रुंदीने कमी असेल तर तेवढी, ठेवली. १९९४ मध्ये केंद्राने ती ५० मीटरवर आणली आणि शिवाय आपल्या मर्जीने सूट देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही बदल फेटाळले. २०१९ च्या नव्या अधिसूचनेत खाडीकाठची मर्यादा पुन्हा ५० मीटर झाली! न्यायालयाने पुढच्या दाराने बाहेर काढलेली गोष्ट तेवीस वर्षांनी मागच्या दाराने घरात आली, आणि घरच्या कोणालाही त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही.

या अधिसूचना कोळ्यांच्या विरोधात होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या नसत्या तर मढच्या वाळूवर आज होड्या ओढायला जागा उरली नसती. २०११ च्या अधिसूचनेने तर बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी खास तरतूद केली, आणि त्यांतील घरांची दुरुस्ती व पुनर्बांधणी स्थानिक नगररचना नियमांनुसार करू दिली. पण कोणत्या कोळीवाड्यांसाठी? १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासनाच्या दप्तरात ज्यांची नोंद आहे त्यांच्यासाठी. येथेच सारी मेख आहे. सवलत नकाशाला मिळाली. होड्या शाकारण्याची जागा, जाळी विणण्याचा कट्टा, बोंबील सुकविण्यासाठी काठ्या रोवलेले मैदान ही पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीने वापरली गेली. कोणत्याही सर्वेक्षकाने ती कागदावर आणण्याची तसदी घेतली नाही. कोळीवाड्यांचे सीमांकन वर्षानुवर्षे रेंगाळले. ज्याची सीमाच आखलेली नाही त्याचे रक्षण न्यायालय तरी कसे करणार?

जेथे नकाशाला एवढी किंमत आली तेथे नकाशाचा बाजार भरणारच. मुंबईत १९६४ पूर्वीचे निवासी बांधकाम सहन केले जाते, हे सर्वश्रुत आहे. मढ, एरंगळ भागात जुन्या भूमापन नकाशांत फेरफार करून, जेथे काहीच नव्हते तेथे जुनी बांधकामे दाखविल्याचा आरोप मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तपासासाठी पोलिसांचे विशेष पथक नेमावे लागले. ही तक्रार नेणाऱ्यात एक स्थानिक शेतकरी होता. आपल्या जमिनीवर कागदोपत्री परकी घरे उगवल्याचे त्याचे म्हणणे. तात्पुरत्या परवानगीचा आधार घेऊन उभारलेले चित्रीकरणाचे अवाढव्य स्टुडिओही २०२३ च्या एप्रिलमध्ये पाडले गेले. पाडण्याविरुद्ध दाद मागणाऱ्यांनी त्या वेळी व्यवसायस्वातंत्र्याचाच आधार घ्यावा यात नवल नाही. मात्र घटनेच्या एकोणिसाव्या कलमात व्यवसायाच्या स्वातंत्र्याशेजारीच सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही लिहिलेली आहे, आणि त्याच वाळूवर मासळी सुकविणे हाही एक व्यवसायच आहे.

परदेशांतही हा शब्द असाच दुधारी राहिला. अमेरिकेतील लुईव्हिल शहराने गोऱ्यांच्या बहुसंख्येच्या गल्लीत काळ्यांनी राहायला येऊ नये असा नियम केला होता. १९१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण त्यासाठी आधार घेतला तो मालमत्ता विकण्याच्या स्वातंत्र्याचा, समतेचा नव्हे. नऊच वर्षांनी युक्लिड गावाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने विभागवार नियोजन सर्वसाधारणपणे वैध ठरविले. म्हणजे नियोजन हे स्वतः मुक्तिदाता नाही आणि जुलमी राजाही नाही. रेषा कोण आखतो आणि ती कोणाच्या अंगणातून जाते, यावर सारे ठरते.

५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने मुंबईच्याच घरमालकांच्या प्रकरणात निर्णय दिला की, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही घटनेच्या ३९ (ब) कलमातील समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे. बहुमताचे निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचे. पदपथवासीयांना उपजीविकेचा हक्क देणाऱ्या सरन्यायाधीशांचे हे चिरंजीव. न्यायमूर्ती धुलिया यांनी भिन्न मत नोंदविले. तथापि, काही खाजगी साधने समाजाची ठरू शकतात, आणि ते त्यांचे स्वरूप, त्यांची दुर्मिळता व समाजावरील परिणाम पाहून ठरवावे, हे बहुमतानेही नाकारलेले नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरील मोकळ्या जमिनीइतकी दुर्मिळ वस्तू दुसरी कोणती, हा युक्तिवाद करण्यास वाव आहे. पण तो करणाऱ्याकडे आधी मढच्या सुकवणीच्या मैदानाचा, तेथील बायकांच्या साक्षीने आखलेला आणि तलाठ्याच्या दप्तरात दाखल झालेला नकाशा हवा.