कल्याण कॅम्प

मी शाळामास्तर असतांना शिरवण्याहून वह्या आणावयास पुष्कळदां उल्हासनगरास जात असें. दुकानदारानें प्रथम पत्ता दिला तो असा: "कॅम्प नंबर तीन." सैन्य केव्हांच निघून गेलें, तरी छावणी पत्त्यांत राहिली आहे, याचें मला नवल वाटे.

ही छावणी इंग्रज सरकारनें दुसऱ्या महायुद्धांत उभारली. जागा मोठ्या चतुराईची. मुंबई बंदर जवळ. आणि कल्याणास लोहमार्ग दुभंगून एक फांटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतवरून बोरघाटाकडे जातो. पलटणींनीं कांहीं दिवस थांबावें व हुकूम येतांच पुढें निघावें, एवढाच तिचा हेतु. सुमारें ६,००० शिपाई व ३०,००० इतर माणसें राहतील अशी सोय होती, बराकी २,१२६. बराक म्हणजे मधोमध लांबच लांब दालन व दोन्ही टोकांस खोल्या. संसारासाठीं ती बांधलेलीच नव्हती.

१९४७ सालीं फाळणी झाली आणि याच बराकींत सिंधमधील निर्वासितांस आणून ठेविलें. संख्या लाखाच्या घरांत गेली. कराची-शिकारपुराकडील चांगल्या नांदत्या घरांतल्या स्त्रियांनीं गोणपाटाचे व चादरींचे पडदे बांधून एका दालनांत अनेक बिऱ्हाडें थाटलीं. शिपायास ठाऊक असतें कीं आपण येथून जाणार. यांना परतावयास घर उरलें नव्हतें. बायका पापड लाटूं लागल्या, पुरुष व पोरें आगगाडींत किरकोळ माल विकूं लागलीं.

८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली. उल्हास नदीवरून त्यास नांव मिळालें. १९५५त स्टेशन झालें. आतां बऱ्याच बराकींच्या जागीं इमारती आहेत.

'यू. एस. ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा नकली मालावरचा विनोद आम्हां ठाणें जिल्ह्यांतल्यांच्या तोंडीं नेहमीं असतो. मीं तो एकदां त्या दुकानदारासच ऐकविला. (मास्तरांस विनोद आवरत नाहीं.) तो हंसला; मग वह्या बांधतां बांधतां म्हणाला, "मास्तरजी, माझा जन्म बराकींतला, पडद्याआड. माझी नाळ पलीकडच्या बिऱ्हाडांतल्या बाईंनीं कापली."

त्या दिवशीं मला वह्यांचा भाव करवला नाहीं.