बोटभर बांगडा आणि वीतभर पट्टी

बेळगावहून समुद्र दिसत नाही; समुद्राची मासळी मात्र बेळगावकरांच्या नित्याच्या परिचयाची आहे. वेंगुर्ले-मालवणकडील माल आंबोलीचा घाट चढून येतो, गोव्याकडील चोर्ल्याच्या वाटेने येतो, आणि निपाणीकडे जाणाऱ्या गाड्या आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा फेरा घेतात. बाजारात गिऱ्हाईक माशाचा डोळा पाहते, कल्ला उचलून लाली पाहते आणि भावासाठी घासाघीस करते. माशाची लांबी मात्र कोणी मोजीत नाही. बोटभर बांगडे स्वस्त मिळाले तर त्या दिवशी घरी आनंदच होतो.

हा आनंद थोडा तपासून पाहण्यासारखा आहे. मासा एका विशिष्ट लांबीस पोहोचल्यावाचून अंडी घालण्याजोगा होत नाही. त्याआधीच तो जाळ्यात सापडला तर एक मासा गेला एवढ्यावर भागत नाही. त्याची सारी पुढील पिढीही त्याच टोपलीत जाते. म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२३ साली समुद्रातील ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. बांगडा ११० मिलिमीटर, पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर; याहून लहान मासा पकडू नये. त्याच वर्षी पापलेटास राज्यमाशाचा मानही मिळाला. मान मोठा खरा, पण त्यापेक्षा हे साडेतेरा सेंटिमीटर पापलेटाच्या अधिक उपयोगी पडतील!

केरळने ही वाट आधीच धरली होती. तेथे २०१५ पासून बांगड्यास १४ आणि तारलीस १० सेंटिमीटरची मर्यादा आहे. तारलीची कथा तर ऐकण्यासारखी आहे. २०१२ साली केरळात जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली. २०२१ साली ती सुमारे ३,३०० टनांवर आली. समुद्राचे पाणी व हवामान बदलले हे त्याचे मोठे कारण होते. परंतु पिल्लांची बेसुमार पकड झाली नसती तर त्या आघातातून सावरणे तारलीस सोपे गेले असते. ही पिल्ले माणसाच्या ताटात तरी पडतात असे नाही. त्यांतील पुष्कळशी वाळवून, दळून कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यात जातात.

आता एक गंमत पाहावी. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी ही त्या त्या राज्याच्या अखत्यारीतील बाब. गोव्याचा कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा, कर्नाटकाचा १९८६ चा. बांगड्याचा थवा मात्र वेंगुर्ल्याहून कारवारकडे जाताना कोणाच्या नकाशावर सही करीत नाही. महाराष्ट्रात अकरा सेंटिमीटरला मोठा ठरलेला बांगडा केरळात पोहोचला की पुन्हा लहान होतो. सीमाभागातील माणसाला हे दुखणे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

सुट्टीत घाट उतरून मालवणच्या खडकांवर हौसेने गरवायला बसणारी मंडळी बेळगावात थोडी नाहीत. त्यांचे काय? आपल्याकडील कायद्यांचा रोख मुख्यतः नौकांवर आणि जाळ्यांवर आहे. परदेशात मात्र हौशी गरवणाऱ्यालाही चोख हिशेब द्यावा लागतो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या बाजूस स्नॅपर नावाचा मासा ३० सेंटिमीटरहून लहान असल्यास सोडून द्यावा लागतो, आणि एका माणसास दिवसाकाठी सातच ठेवता येतात. कॅलिफोर्नियात तर घरच्या शीतपेटीतील गोठलेले मासेही हिशेबात धरतात. कालचे सात घरी ठेवून आज पुन्हा सात, ही युक्ती तेथे चालत नाही. डोके-शेपटी उडवलेला मासा मोजता येत नाही, म्हणून होडीत मासे कापण्यावरही बंधने असतात. काही जातींना वरचीही मर्यादा असते. फार मोठी मादी पाण्यात परत सोडायची, कारण लहान मादीच्या कितीतरी पट अंडी ती घालते. आपल्याकडील गरवणाऱ्याला ही अट सर्वांत कठीण जाईल. मोठा मासा गळाला लागल्यावर तो दहाजणांना दाखविल्यावाचून सोडायचा, म्हणजे तपश्चर्याच.

सोडायचा म्हणजे फेकायचा नव्हे. कोरड्या हाताने धरल्यास माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघते आणि पाण्यात गेलेला मासाही पुढे दगावतो. हात ओले करावेत, गरी हलकेच काढावी. खोल रुतली असल्यास ओढाताण न करता दोरा जवळून कापावा. मोजताना मासा सपाट फळीवर ठेवून तोंडापासून मोजावे. कोठे शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी धरतात, कोठे शेपटी दुभंगते तेथपर्यंतची. नियम वाचताना हे आधी पाहावे, नाहीतर दोन बोटांचा फरक सहज पडतो.

बाजारातील गिऱ्हाइकाचे काम याहून सोपे आहे. उपवासकाळातील शुक्रवारी मासळीला मागणी वाढते, आणि त्या गर्दीत बारका मालही सहज खपून जातो. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत पंधरा सेंटिमीटरची पट्टी असते. महाराष्ट्राच्या मापाचा बांगडा आणि पापलेट या दोहोंची परीक्षा त्या पट्टीवर होते. सुरमईसाठी मात्र आईच्या शिवणाच्या पेटीतील टेप मागून न्यावी लागेल.