निराधाराचा कैवारी



‘त्यांना काय कळतंय, आपणच ठरवू या’ हे वाक्य आपल्यापैकी कोणी उच्चारलेच नसेल, असे आम्हांस वाटत नाही. घरातल्या आजोबांना स्मृतिभ्रंश झाला, की त्यांची खाट कोठे टाकावी येथपासून शस्त्रक्रिया करावी की नाही येथपर्यंत सारे त्यांना वगळून ठरते. निदान ठरविणारी माणसे तरी त्यांची असतात. आज आम्ही बोलणार आहोत ते ज्याला असे माणूसच उरलेले नाही त्याच्याविषयी. आणि त्यासाठी आपणांस इंग्लंडात यावे लागेल.

तेथे १९९७ साली, बोलता न येणारा एक प्रौढ पुरुष रुग्णालयात ठेवून घेण्यात आला. त्याने जाण्याची धडपड केली नाही, म्हणून कायदेशीर सोपस्काराची जरुरीच कोणास भासली नाही! वाद युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये निकाल लागला, की त्याच्या स्वातंत्र्याचा भंग झाला होता. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, एवढे समजायला सात वर्षे लागली.

इंग्लंड व वेल्ससाठी २००५ साली मानसिक क्षमतेचा कायदा झाला. त्याअन्वये २००७ पासून तेथे स्वतंत्र कैवारी मिळू लागला. हा काळ्या कोटातला वकील नव्हे. समजा, एक वृद्धा रुग्णालयात आहे, तिची निर्णयशक्ती गेली आहे, आप्त कोणी नाही, आणि तिला कायमचे शुश्रूषागृहात धाडावे असे अधिकाऱ्यांच्या मनात आहे. अशा वेळी कैवारी बोलाविणे त्यांना बंधनकारक आहे. गंभीर उपचारांच्या बाबतीतही तसेच. तातडीचे असेल तर गोष्ट वेगळी. कैवारी तिला एकांतात भेटतो, कागदपत्रे पाहतो, शेजाऱ्यांना विचारतो. बाईंना मांजर होते काय, देवळात जात होत्या काय, पूर्वी कशाला नाही म्हणत असत? मग विचारतो, घरीच मदतनीस ठेवून भागणार नाही काय? हे सारे तो लिहून देतो.

निर्णय मात्र तो घेत नाही. अधिकाऱ्याने त्याचा अहवाल विचारात घेतला पाहिजे, मानलाच पाहिजे असे नाही. न पटल्यास तो हरकत घेऊ शकतो. काहींना हे दुबळे वाटेल. आम्हांस उलट वाटते: निर्णयही त्याच्याच हाती दिला असता, तर बाईंच्या डोक्यावर आणखी एक मालक बसला असता.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय आहे. पण ती मानसिक आजारापुरती. रुग्णाने कोणास नेमले नसेल तर नातलग, मग काळजी घेणारा, मग मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती, आणि यांपैकी कोणीच नसेल तर समाजकल्याण विभागाचे संचालक किंवा त्यांनी नेमलेला प्रतिनिधी! इंग्लंडातल्या कैवाऱ्याने, ज्यांनी त्याला बोलावले त्यांच्यापासून अलग राहून काम करावयाचे असते. आपल्या सरकारी रुग्णालयातल्या बेवारस बाईच्या उशाशी बसणारा शेवटचा माणूस मात्र सरकारनेच धाडलेला असणार.